निवृत्तीनंतर ५ लाखांच्या मेडिक्लेमला जोड कशाची द्यावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ५९, पत्नीचं ५६. चार महिन्यांनी खासगी कंपनीतून निवृत्त होताय आणि त्याच दिवशी कंपनीचा ५ लाखांचा ग्रुप मेडिक्लेम संपणार. स्वतःची ५ लाखांची फ्लोटर पॉलिसी (एकच रक्कम दोघांत मिळून) नऊ वर्षं न चुकता चालू आहे. तुम्हाला मधुमेह, पत्नीला रक्तदाब. घरी ८३ वर्षांचे वडील, त्यांच्या नावावर कुठलाच विमा नाही. एजंटने टॉप-अप, सुपर टॉप-अप, ज्येष्ठ नागरिकांची खास पॉलिसी, क्रिटिकल इलनेस आणि हॉस्पिटल कॅश असे पाच पर्याय पुढे ठेवलेत. यातलं काय घ्यावं?

उत्तर आधी सांगतो. सुपर टॉप-अप घ्या, ५ लाखांच्या डिडक्टिबलचा (म्हणजे पहिले ५ लाख सोडून वरचा खर्च देणारा), नवरा-बायको दोघांचा मिळून फ्लोटर, आणि निवृत्तीनंतर नव्हे तर नोकरीत असतानाच. वडिलांसाठी आयुष्मान वय वंदना कार्ड (७० आणि त्यावरील नागरिकांसाठीचं सरकारी आरोग्य योजनेचं कार्ड) काढा. बाकीचे पर्याय तुमच्या परिस्थितीत घेऊ नका असंच मी सांगेन. पण नुसतं ‘सुपर टॉप-अप चांगला’ एवढं ऐकून घेतलेली पॉलिसी ऐन वेळी उघडतच नाही, हे क्लेमच्या कामात मी फार वेळा पाहिलं आहे. म्हणून कारणं नीट वाचा.

सुरुवात नव्या पॉलिसीपासून करू नका. कपाटातली जुनी पॉलिसी काढा आणि त्यात तीन गोष्टी शोधा: खोलीभाड्याची मर्यादा, को-पे (प्रत्येक क्लेममधला तुमचा ठरलेला वाटा), आणि ठरावीक शस्त्रक्रियांवरचं सब-लिमिट (वेगळी कमाल रक्कम). नऊ वर्षांपूर्वीच्या पॉलिसीत खोलीभाडं बहुधा विमा रकमेच्या १ टक्का असतं, म्हणजे तुमच्या बाबतीत दिवसाला ५,००० रुपये. वाचताना वाटतं, रोजचे चार-पाच हजार वरचे पडले तर भरू आपण. खरा फटका भाड्याच्या फरकाचा नसतो. मर्यादेपेक्षा महाग खोली घेतली की त्या प्रमाणात बाकीचं बिलही कापलं जातं.

आकड्यांत बघू. १०,००० रुपयांची खोली घेतली, एकूण बिल ६ लाख झालं. त्यात खोली, नर्सिंग, सर्जनची फी, ऑपरेशन थिएटर असे खोलीच्या दर्जाशी जोडलेले खर्च ४ लाखांचे. औषधं, इम्प्लांट, तपासण्या २ लाखांच्या. तुमची पात्रता निम्म्या भाड्याची, म्हणून ४ लाखांचे २ लाख होतात. औषधं, इम्प्लांट, तपासण्या यांना ही कात्री लावायची नाही असा विमा नियामक आयआरडीएआयचा २०२० पासूनचा नियम आहे, आयसीयूच्या शुल्कालाही ती लागत नाही, त्यामुळे ते २ लाख पूर्ण मिळतात. मंजूर झाले ४ लाख. विमा ५ लाखांचा असूनही २ लाख खिशातून गेले. (जिथे खोलीनुसार दर बदलत नाहीत अशा हॉस्पिटलच्या बिलाला ही प्रमाणशीर कपात लावता येत नाही. बिलात लावलेली दिसली तर हॉस्पिटलकडून तसं लेखी घेऊन भांडा.)

आता यावर सुपर टॉप-अप असता तर काय झालं असतं? इथेच बहुतेकांचा समज चुकतो. बेस पॉलिसीने, म्हणजे खालच्या मूळ ५ लाखांच्या पॉलिसीने, जे दिलं नाही ते वरची पॉलिसी देईल, असं लोक धरून चालतात. तसं नसतं. सुपर टॉप-अप स्वतःच्या अटींनुसार बिल तपासतो, त्यातली देय रक्कम ठरवतो आणि ती ५ लाखांच्या वर गेली असेल तर फक्त वरचा भाग देतो. वरच्या उदाहरणात सुपर टॉप-अपला खोलीची मर्यादा नसेल तर त्याच्या लेखी देय रक्कम ६ लाख, म्हणून तो १ लाख देईल. बेसचे ४, याचा १, उरलेला १ लाख तुमचा. आणि सुपर टॉप-अपलाही तीच मर्यादा असेल तर त्याच्या हिशेबानेही देय रक्कम ४ लाखच, म्हणजे तो उघडलाच नाही. वर मजला चढवला म्हणून तळमजल्याची ओल जात नाही.

निवृत्तीनंतर वारंवार येणारे खर्च कोणते असतात ते पाहिलं की हा मुद्दा आणखी टोचतो. मोतीबिंदू, हर्निया, प्रोस्टेट, डेंग्यू किंवा न्यूमोनियासाठी चार-पाच दिवस अ‍ॅडमिट. ही बिलं ५ लाखांच्या खूप आत असतात. तिथे टॉप-अप, सुपर टॉप-अप कसलाच उपयोगी नाही, सगळा भार बेसवर. मोतीबिंदूवर जुन्या पॉलिसींमध्ये कडक सब-लिमिट असतं. सगळ्या कंपन्यांना सारख्याच स्वरूपात विकावी लागणारी ‘आरोग्य संजीवनी’ ही प्रमाणित पॉलिसी २०२० मध्ये आली, तिची रचना नमुना म्हणून बघा: खोलीभाडं विमा रकमेच्या २ टक्के पण दिवसाला जास्तीत जास्त ५,०००, प्रत्येक क्लेमवर ५ टक्के को-पे, आणि मोतीबिंदूला एका डोळ्यामागे विमा रकमेच्या २५ टक्के किंवा ४०,००० यांतली कमी असेल ती रक्कम. तुमची पॉलिसी याहून घट्ट असेल तर आधी ती सोडवा, मग जोड शोधा.

सोडवायची कशी? त्याच कंपनीच्या चांगल्या योजनेत स्थलांतर मागा, किंवा दुसऱ्या कंपनीत पोर्ट करा. नऊ वर्षांचं श्रेय दोन्हींत टिकतं, जुन्या विमा रकमेपुरता मधुमेहाचा प्रतीक्षा काळ (ज्या काळात त्या आजाराचा क्लेम मिळत नाही तो) पुन्हा सुरू होत नाही. पोर्टचा अर्ज रिन्यूअलच्या निदान ४५ दिवस आधी द्या. नवी कंपनी मधुमेहामुळे नकार देऊ शकते, तो तिचा अधिकार आहे. म्हणून होकार हातात येईपर्यंत जुनी पॉलिसी सोडायची नाही आणि तिचा हप्ता एक दिवसही चुकवायचा नाही. साठीनंतर हे दार आणखी अरुंद होतं, त्यामुळे प्रयत्न करायचाच तर याच वर्षी.

आता टॉप-अप आणि सुपर टॉप-अप यांतला फरक. दोन्हींत एक डिडक्टिबल असतं, म्हणजे अमुक रकमेपर्यंतचा खर्च तुमचा, तो बेस पॉलिसीतून भागवा किंवा खिशातून. बेस पॉलिसी असलीच पाहिजे अशी सक्तीही बहुतेक ठिकाणी नसते. फरक आहे तो मोजणीत. टॉप-अप प्रत्येक अ‍ॅडमिशनचं बिल स्वतंत्र मोजतो, सुपर टॉप-अप वर्षभराची बिलं एकत्र करतो. समजा मे महिन्यात अँजिओप्लास्टी झाली, साडेतीन लाख. नोव्हेंबरमध्ये न्यूमोनिया होऊन आयसीयू लागलं, ४ लाख. एकूण साडेसात. बेसमधून आधी साडेतीन गेले, नंतर उरलेले दीड. अडीच लाख कमी पडले. टॉप-अप म्हणेल, एकही बिल ५ लाखांच्या वर नाही, मी काही देणं लागत नाही. सुपर टॉप-अप वर्षाची बेरीज साडेसात धरतो आणि अडीच लाख देतो. या वयात एकच प्रचंड बिल येण्यापेक्षा एकाच वर्षात दोन-तीन मध्यम बिलं येण्याचा संभव जास्त असतो, म्हणून साधा टॉप-अप निवृत्त माणसाने घेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. हप्त्यातला फरक त्या जोखमीच्या मानाने किरकोळ असतो.

सुपर टॉप-अप घेताना मात्र तीन ठिकाणी पाय अडकतो.

पहिलं, फ्लोटरची जुळणी. तुमची बेस दोघांची मिळून आहे. एजंट सहज म्हणेल, सुपर टॉप-अप दोघांचा वेगवेगळा घ्या, संरक्षण दुप्पट होईल. करू नका. एका वर्षात तुमचं बिल ३ लाख आणि पत्नीचं ४ लाख झालं असं समजा. बेसचे ५ लाख संपले, २ लाख उरले. वेगवेगळ्या सुपर टॉप-अपमध्ये प्रत्येकाला स्वतःचे ५ लाख ओलांडावे लागतात. दोघांपैकी कुणीच ओलांडले नाहीत, दोन्ही पॉलिसी बंदच. फ्लोटर सुपर टॉप-अप असता तर दोघांची बेरीज ७ लाख झाली असती आणि २ लाख मिळाले असते. बेस एकत्र असेल तर जोडही एकत्रच हवी.

दुसरं, तारखा. सुपर टॉप-अपचं ‘वर्ष’ म्हणजे त्या पॉलिसीचं वर्ष. बेस एप्रिल ते मार्च आणि सुपर टॉप-अप ऑक्टोबर ते सप्टेंबर असेल तर ऑगस्टमधलं बिल एका वर्षात आणि नोव्हेंबरमधलं दुसऱ्या वर्षात पडतं. बेस तर दोन्ही बिलांनी रिकामी झालेली असते, पण सुपर टॉप-अपची मोजणी नोव्हेंबरमध्ये शून्यापासून सुरू. शक्य असेल तर दोन्हींच्या तारखा एकाच महिन्यात आणा. तुमच्या बाबतीत निवृत्ती आधी आणि बेसचं रिन्यूअल नंतर येत असेल तर तारखेसाठी थांबू नका, आधी पॉलिसी घ्या. तारखा पुढच्या रिन्यूअलला जुळवून देता येतील का ते कंपनीला लेखी विचारा.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं: प्रतीक्षा काळ सुपर टॉप-अपचा स्वतःचा असतो. बेसमध्ये तुमचा मधुमेह नऊ वर्षांत पूर्णपणे आत आला, तरी नव्या पॉलिसीत घड्याळ पहिल्यापासून चालू होतं. १ एप्रिल २०२४ पासून आधीच्या आजारांसाठीचा हा काळ जास्तीत जास्त ३ वर्षांचा झाला, पूर्वी तो ४ वर्षांपर्यंत असे. त्याशिवाय पहिले ३० दिवस अपघात सोडून काहीच नाही, आणि मोतीबिंदू, हर्निया, मूतखडा, गुडघे बदलणं अशा ठरलेल्या यादीला साधारण २ वर्षं. म्हणूनच मी म्हणतो, नोकरीत असतानाच घ्या. आज घेतली तर पहिल्या ३० दिवसांत कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम पाठीशी आहे. निवृत्तीनंतर विचार करू म्हणालात तर ती ३ वर्षं तितकीच पुढे सरकतील, आणि मधे एखादी नवी तक्रार निघाली तर प्रपोजल फॉर्मवर (विम्याच्या अर्जावर) तीही लिहावी लागेल.

मग या ३ वर्षांत मधुमेहाशी जोडलेलं हृदयाचं किंवा किडनीचं मोठं दुखणं निघालं तर? यावर एक उपाय आहे आणि त्याची मुदत तुमच्या निवृत्तीबरोबर संपते. कंपनीच्या ग्रुप पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतर मागता येतं आणि ग्रुपमध्ये काढलेल्या वर्षांचं श्रेय धरलं जातं. कंपनी वैद्यकीय तपासणी करील, हप्ता पूर्ण दराने भरावा लागेल, तो नक्कीच बोचेल. तरी तुमच्यासारख्या मधुमेही माणसाने निदान लेखी कोटेशन मागवावं. एचआर विभागात आजच जा, ग्रुप पॉलिसीचा क्रमांक, विमा कंपनीचं नाव आणि तुम्ही किती वर्षं सलग त्यात आहात याचं पत्र घ्या. निवृत्तीनंतर हे कागद मिळवताना माणसं दमतात. काही सुपर टॉप-अपमध्ये जादा हप्ता भरून आधीच्या आजारांचा प्रतीक्षा काळ कमी करून मिळतो. तसा पर्याय मिळाला तर दोन्हींचा खर्च शेजारी-शेजारी मांडा. सुपर टॉप-अपचा काळ बराच कमी होत असेल तर ग्रुपमधून स्थलांतराची गरज तितकी उरत नाही.

विमा रक्कम किती? मोठ्या शहरातल्या हॉस्पिटलांचे दर पाहता ५ लाखांवर आणखी १५ ते २० लाख मी सुचवतो. सुपर टॉप-अपमध्ये १० वरून २० लाखांवर जाताना हप्ता दुप्पट होत नाही, कारण मोठी बिलं विरळ असतात. बेसचीच रक्कम वाढवण्यापेक्षा हे बरंच स्वस्त पडतं, आणि वाढवलेल्या रकमेला प्रतीक्षा काळ तिथेही नव्याने लागतोच.

ज्येष्ठ नागरिकांची खास पॉलिसी ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांच्यासाठी आहे. साठीनंतर पहिल्यांदाच विमा शोधणाऱ्याला ती मिळते, हाच तिचा मोठा गुण. पण त्यांपैकी बऱ्याच पॉलिसींत २० ते ३० टक्के को-पे असतो, म्हणजे ८ लाखांच्या बिलात साधारण दीड ते अडीच लाख तुमचे, दर वेळी. शिवाय हृदय, गुडघे, मोतीबिंदू यांना वेगवेगळ्या कमाल मर्यादा. नऊ वर्षांची पॉलिसी हातात असताना ती सोडून इकडे येणं म्हणजे सरळ तोटा. एजंटने ‘आता तुम्ही ज्येष्ठ झालात, ज्येष्ठांचीच पॉलिसी हवी’ असं सांगितलं असेल तर तसा कुठलाही नियम नाही. तुमची सध्याची पॉलिसी तुम्ही हप्ता भरत राहाल तोवर वयाचं कारण देऊन बंद करता येत नाही. नवी पॉलिसी ६५ नंतर मिळतच नाही ही समजूतही २०२४ पासून जुनी झाली. कंपन्यांनी सर्व वयांसाठी योजना ठेवाव्यात असं नियामकाने सांगितलं आहे. प्रत्येक माणसाला प्रत्येक योजना मिळेलच असा मात्र त्याचा अर्थ नाही.

क्रिटिकल इलनेस ही चांगली पॉलिसी आहे, पण तुमच्यासाठी नाही. ठरावीक गंभीर आजाराचं निदान झालं की ती ठरलेली रक्कम एकदम देते, बिलाशी तिचा संबंध नसतो. कमावत्या माणसाचं उत्पन्न आजारपणात थांबतं, ती खोट भरायला ती आहे. निवृत्तीनंतर पेन्शन किंवा व्याज आजारपणातही चालूच राहतं. त्यात ५९ व्या वर्षी मधुमेहासह ती महाग पडते किंवा नाकारली जाते. सुरुवातीचे ९० दिवस संरक्षण नसतं, निदानानंतर ठरावीक दिवस, बऱ्याच पॉलिसींत ३०, जिवंत राहण्याची अट असते, आणि आजारांच्या व्याख्या काटेकोर असतात. हृदयाचा त्रास झाला, स्टेंट बसवला, तरी तो त्या व्याख्येतला ‘हार्ट अटॅक’ ठरेलच असं नाही. हेच पैसे सुपर टॉप-अपची रक्कम वाढवायला घाला.

हॉस्पिटल कॅश दिवसाला हजार-दोन हजार देते. चार दिवसांच्या मुक्कामात सोबतच्या माणसाचा खर्च निघतो, एवढंच. सोडून द्या.

वडिलांचं बघू. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० आणि त्यावरील प्रत्येक नागरिकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेत वर्षाला ५ लाखांचं संरक्षण मिळतं. आधारवरून केवायसी होते, आयुष्मान अ‍ॅपवर घरबसल्या किंवा योजनेतल्या हॉस्पिटलच्या मदत कक्षात कार्ड निघतं. आधीच्या आजारांना प्रतीक्षा काळ नाही, हप्ता नाही. ८३ व्या वर्षी खासगी बाजारात याच्या जवळपास जाणारं काही मिळणार नाही. घरात ७० वरचे दोघं असतील तर ५ लाख दोघांत मिळून असतात. खासगी विमा असला तरी हे कार्ड काढता येतं. सीजीएचएस (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना) किंवा ईसीएचएसचे (माजी सैनिकांची आरोग्य योजना) लाभार्थी असतील तर दोन्हींपैकी एक निवडावं लागतं.

पण त्याच्या मर्यादा आजच समजून घ्या. योजनेत नोंदणी असलेल्या हॉस्पिटलमध्येच, ठरलेल्या पॅकेजप्रमाणे आणि कॅशलेसच उपचार होतात. बाहेर पैसे भरून नंतर परत मागता येत नाहीत. तुमच्या जवळच्या कोणत्या हॉस्पिटलची नोंदणी आहे आणि कोणत्या विभागासाठी, हे रुग्णवाहिका दारात उभी असताना शोधायचं नसतं. एखादं हॉस्पिटल यादीत असतं, पण हृदयविकारासाठी नसतं. दोन हॉस्पिटलं आजच ठरवून, प्रत्यक्ष आरोग्यमित्राला (हॉस्पिटलमधल्या योजनेच्या मदतनिसाला) भेटून, त्याचा फोन नंबर फ्रिजवर लावा. महाराष्ट्रात महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेची सांगड आयुष्मान भारतशी घातलेली आहे आणि तिचं संरक्षणही कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत नेऊन ती सर्व कुटुंबांना खुली केली आहे. म्हणजे तुम्हा दोघांनाही तिचा आधार आहे. डायलिसिस, केमोथेरपी असे लांबत जाणारे उपचार तिथे होत असतील तर खासगी पॉलिसीची रक्कम दुसऱ्या प्रसंगासाठी शिल्लक राहते. एकाच अ‍ॅडमिशनमध्ये अर्धं बिल योजनेतून आणि अर्धं सुपर टॉप-अपमधून, असा हिशेब मात्र मनात धरू नका, कारण पॅकेजमध्ये रुग्णाकडून वेगळं बिल घ्यायचंच नसतं.

हे वाचणाऱ्यांत केंद्र सरकारचे निवृत्त कर्मचारी असतील तर त्यांच्यासाठी दोन ओळी. सीजीएचएसची वर्गणी दहा वर्षांची एकरकमी भरली की आयुष्यभराचं कार्ड मिळतं, ते आधी घ्या. बरोबर खासगी विमा असेल तर आधी विमा कंपनीकडून आणि उरलेल्याचा दावा सीजीएचएसकडे करता येतो, पण परतावा सीजीएचएसच्या दरानेच मिळतो. बँकांच्या निवृत्तांना संघटनांच्या करारातून ग्रुप पॉलिसी मिळते. तिचा हप्ता दर वर्षी नव्याने ठरतो, म्हणून केवळ तिच्यावर विसंबू नये आणि बाहेरचा सुपर टॉप-अप साठीच्या आतच घेऊन ठेवावा.

आता हप्त्याचं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी पूर्ण गेला आहे. फ्लोटर आणि ज्येष्ठांच्या पॉलिसीही त्यात आल्या. ग्रुप पॉलिसीला ही सूट नाही. ३० जानेवारी २०२५ च्या आदेशानुसार ज्येष्ठांचा हप्ता वर्षात १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा असेल तर कंपनीला आधी नियामकाशी सल्लामसलत करावी लागते. तरीही वय वाढेल तसा हप्ता वाढणारच. म्हणून आजचा हप्ता विचारून थांबू नका. ६५, ७० आणि ७५ व्या वर्षाचे आजचे दर कंपनीच्या दरपत्रकात असतात, ते मागवा आणि तुमच्या पेन्शनला ७५ व्या वर्षी ते झेपतील का ते पाहा. पहिल्या वर्षी स्वस्त आणि सत्तरीनंतर एकदम उडी मारणारी पॉलिसी मी नाकारेन. जुन्या कर-पद्धतीत राहत असाल तर साठीनंतर आरोग्य विम्याच्या हप्त्यावर आयकरात तुमच्यासाठी ५०,००० आणि वडिलांसाठी वेगळे ५०,००० पर्यंत वजावट आहे. ज्या ज्येष्ठांच्या नावावर आरोग्य विमा नाही त्यांच्या औषधोपचाराचा खर्चही त्यात धरता येतो, पैसे रोखीने दिलेले नसले म्हणजे झालं. नव्या कर-पद्धतीत ही वजावट नाही.

प्रपोजल फॉर्म स्वतःच्या हाताने भरा. ‘शुगरचं लिहू नका, गोळीवर कंट्रोल आहे ना’ असं सांगणारा माणूस तुमचं भलं करत नाही. मधुमेह कधीपासून, कोणत्या गोळ्या, शेवटचं एचबीए१सी (सुमारे तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) किती, सगळं लिहा. पत्नीचा रक्तदाब लिहा. पंधरा वर्षांपूर्वी झालेली शस्त्रक्रियाही लिहा. हॉस्पिटलमध्ये दाखल होताना डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात, शुगर किती वर्षांपासून? तुम्ही खरं सांगता, ते केस पेपरवर येतं आणि विमा कंपनी तोच कागद मागवते. ६० महिने सलग पॉलिसी चालल्यावर माहिती दडवल्याच्या कारणावरून क्लेम नाकारता येत नाही, सिद्ध झालेली फसवणूक सोडून. पण ती ५ वर्षं पार व्हायला हवीत, आणि वाढवलेल्या रकमेला ती नव्याने मोजतात. हप्ता थोडा वाढला किंवा तपासण्या कराव्या लागल्या तरी चालेल, पण फॉर्म स्वच्छ हवा. पॉलिसी हातात आल्यावर ३० दिवसांत नापसंत असल्यास परत करता येते. त्या दिवसांत त्यातला ‘वगळलेल्या बाबी’ हा भाग पत्नीबरोबर बसून वाचा, कारण तुम्ही अ‍ॅडमिट असाल तेव्हा धावपळ त्यांनाच करायची आहे.

कंपनी कोणती, असं विचाराल. बेसच्या कंपनीचा सुपर टॉप-अप खोलीच्या मर्यादेशिवाय आणि को-पेशिवाय मिळत असेल तर तोच घ्या. एकाच टीपीएकडे (विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्थेकडे) फाइल राहते आणि ५ लाख संपल्यावरही कॅशलेस पुढे चालण्याची शक्यता जास्त. तसा नसेल तर दुसरी कंपनी घ्यायला हरकत नाही, फक्त प्रक्रिया आधी समजून घ्या. बेसचं कॅशलेस होतं आणि वरचे पैसे बहुधा भरून मग परत मागावे लागतात. त्यासाठी हॉस्पिटलने प्रमाणित केलेल्या बिलांच्या प्रती आणि बेस कंपनीचं सेटलमेंट पत्र लागतं. खर्चाचा अंदाज ४ लाखांच्या वर जाताना दिसला की लगेच दुसऱ्या कंपनीलाही कळवा. डिस्चार्ज झाल्यावर कळवलं की ‘सूचना उशिरा’ हा शेरा येतो. २०२४ च्या नियमांनुसार कॅशलेसच्या विनंतीवर १ तासात आणि डिस्चार्जच्या अंतिम मंजुरीवर ३ तासांत निर्णय द्यायचा असतो. त्या ३ तासांनंतरच्या विलंबामुळे हॉस्पिटलने जादा आकारणी केली तर ती कंपनीने सोसायची. ताटकळत बसावं लागलं तर टीपीएच्या माणसाला हे शांतपणे, वेळ लिहून दाखवा.

क्लेम चुकीचा कापला असं वाटलं तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी द्या, नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवरही नोंदवा. नकार आला किंवा महिनाभर उत्तरच आलं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं. ५० लाखांपर्यंतच्या दाव्यांसाठी तिथे शुल्क नाही, वकील लागत नाही, आणि मुंबईप्रमाणे पुण्यातही कार्यालय आहे. कंपनीने नकार दिल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करा.

आणि कोणतीही पॉलिसी जे देणार नाही त्यासाठी वेगळी रक्कम लागेल: रोजची औषधं, बाहेरच्या तपासण्या, डॉक्टरांची फी, हातमोजे-सिरिंजसारख्या ज्यांचे पैसे विम्यातून मिळत नाहीत अशा वस्तू, घरी ठेवलेली नर्स, फिजिओथेरपी. ग्रॅच्युइटी हातात आली की त्यातले ४-५ लाख पत्नीबरोबरच्या जॉइंट खात्यात, ‘दोघांपैकी कुणीही’ काढू शकेल अशा ठेवीत टाका. सुपर टॉप-अपच्या पहिल्या ३ वर्षांत मधुमेहामुळे काही निघालं तर बेसच्या ५ लाखांनंतर पहिला आधार तोच असेल.

या आठवड्यात तीन कामं करा. एचआरकडून ग्रुप पॉलिसीचं पत्र, वडिलांचं कार्ड, आणि जुन्या पॉलिसीतलं खोलीभाड्याचं कलम. ते कलम शब्दशः मला पाठवा, त्यावरून कोणत्या अटींचा सुपर टॉप-अप जुळेल ते नेमकं सांगता येईल.